फातोर्ड्यातील पराभव ते सुराकार्तातील विजेतेपद : ख्रिस्तियान व्ह्यूक यांची वाटचाल

जर्मन फुटबॉलमध्ये मधल्या फळीतून प्रशिक्षकपदाकडे वळलेल्यांची परंपरा मोठी आहे. फेलिक्स मागाट किंवा हान्सी फ्लिक ही नावे गोव्यातील फुटबॉल पाहणाऱ्या कुणालाही नव्याने सांगावी लागत नाहीत. मला मात्र या परंपरेतील अशा एका माणसाविषयी लिहायचे आहे, ज्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाच्या तोंडी नाही, पण ज्यांना गोव्यातल्या हजारो लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. ख्रिस्तियान व्ह्यूक हे २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीचा १७ वर्षांखालील संघ घेऊन भारतात आले होते आणि त्या संघाचे पहिले दोन सामने फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. त्यातील दुसऱ्या सामन्यात इराणने त्यांच्या संघाला ४-० असे हरवले. पुढे सहा वर्षांनी इंडोनेशियातील सुराकार्ता येथे याच वयोगटाचा विश्वचषक व्ह्यूक यांनी जर्मनीला पहिल्यांदा मिळवून दिला आणि आता ते जर्मनीच्या महिला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत. फातोर्ड्यातील पराभवानंतर त्यांना काम करायला मिळालेली ती सहा वर्षे हाच त्यांच्या कारकिर्दीचा गाभा आहे, असे माझे मत आहे. फुटबॉलवर एवढा जीव असलेल्या आपल्या गोव्याने ती वर्षे नीट पाहावीत म्हणून हा लेख.

व्ह्यूक यांचा जन्म ९ जून १९७३ रोजी बव्हेरियातील वेर्नेक येथे झाला. १९९० मध्ये ते न्यूर्नबर्गच्या पहिल्या संघात आले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. आक्रमक वळणाचे मधल्या फळीतले खेळाडू, गरज पडेल तेव्हा आघाडीलाही खेळणारे, अशी त्यांची ओळख होती. न्यूर्नबर्ग हा नऊ वेळा जर्मन विजेतेपद मिळवलेला क्लब, परंतु त्यातले शेवटचे विजेतेपद १९६८ चे, आणि १९९४ मध्ये तर तो बुंडेसलिगातून, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या श्रेणीतून, खाली घसरला. त्याच उन्हाळ्यात व्ह्यूक कार्ल्सरुहेकडे गेले. विन्फ्रीड शेफर यांच्या मार्गदर्शनाखाली या क्लबने आदल्याच हंगामात यूएफा चषकात वॅलेन्सियाला ७-० असे नमवून उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली होती आणि रोमाहून थॉमस हेस्लरसारखा विश्वविजेता खेळाडू तेथे दाखल होत होता. पुढची वर्षे मात्र तितकी सुखाची गेली नाहीत. १९९६ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात कार्ल्सरुहेला कायझर्सलाउटर्नकडून ०-१ अशी हार पत्करावी लागली आणि १९९८ मध्ये हाही क्लब बुंडेसलिगातून बाहेर पडला. त्यानंतर व्होल्फ्सबुर्ग आणि बीलेफेल्ड येथे खेळून व्ह्यूक तिशीच्या उंबरठ्यावर मैदानावरून निवृत्त झाले.

खेळाडू म्हणून त्यांच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संघ वर जाताना आणि खाली येताना त्यांनी आतून पाहिला. कोवळ्या वयात मोठ्या मैदानावर उतरण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. सतराव्या वर्षी ज्याच्याकडून सगळे शहर अपेक्षा करते, त्या मुलाच्या मनात काय चालते हे त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पुढे ज्या वयोगटात त्यांनी आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचे काम केले, तो हाच वयोगट असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात मात्र मोठ्या मुलांपासून झाली. २००८-०९ च्या हंगामात वेस्टफालियातील रोट वाइस आलेन हा छोटा क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीत आला होता आणि त्याची सूत्रे व्ह्यूक यांच्याकडे होती. त्या संघात मार्को रॉयस आणि केविन ग्रोसक्रॉइत्स हे दोन तरुण होते. संघाने श्रेणीतले स्थान टिकवले आणि हंगाम संपताच रॉयस म्योन्शनग्लाडबाखला, तर ग्रोसक्रॉइत्स डॉर्टमुंडला गेला. ग्रोसक्रॉइत्स पुढे २०१४ च्या विश्वविजेत्या जर्मन संघात होता. रॉयसच्या वाट्याला तो विश्वचषक दुखापतीमुळे आला नाही, पण डॉर्टमुंडसाठी त्याने जे केले ते सर्वांना ठाऊक आहे. लहान क्लबचा प्रशिक्षक हे दान रोजच देत असतो. मुले त्याच्या हाताखाली आकार घेतात आणि नेमकी उपयोगी पडू लागताच निघून जातात. यानंतर तिसऱ्या श्रेणीतील होल्श्टाइन कीलचा संघ व्ह्यूक यांनी सांभाळला, परंतु २०१० मध्ये तो क्लब त्या श्रेणीतूनही खाली गेला. येथवरच्या नोंदी पाहून कुणीही या प्रशिक्षकाकडे विश्वविजेता म्हणून पाहिले नसते.

२०१२ मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाने त्यांना कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय संघांच्या कामासाठी घेतले आणि येथून त्यांची खरी वाट सुरू झाली. ही वाट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. २००० च्या युरो स्पर्धेत जर्मनीचा संघ एकही सामना न जिंकता गटातच बाद झाला, तेव्हा महासंघाने दोष एका प्रशिक्षकावर ढकलून हात झटकले नाहीत. बुंडेसलिगातील क्लबांना स्वतःच्या अकादमी चालवणे बंधनकारक करण्यात आले, आणि देशभर साडेतीनशेहून अधिक प्रशिक्षण केंद्रे उभी राहिली, ज्यांत आठवड्यातून एकदा त्या परिसरातील होतकरू मुलांना महासंघाचे प्रशिक्षक शिकवू लागले. १५ वर्षांखालील संघापासून २१ वर्षांखालील संघापर्यंत प्रत्येक गटाला पूर्णवेळ प्रशिक्षक मिळाला. २०१४ च्या विश्वविजेतेपदामागे ही यंत्रणा होती, आणि व्ह्यूक हे त्याच यंत्रणेतील एक कारागीर झाले. क्लबच्या प्रशिक्षकाला शनिवारचा निकाल सोडत नाही. कनिष्ठ राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला वर्षभरात मोजक्या शिबिरांपुरतीच मुले हाती लागतात, आणि दोन वर्षांत ती मोठ्या गटात निघून जातात. म्हणजे पुन्हा नवी मुले, त्यांची घरे, त्यांचे क्लब, त्यांचे एजंट, त्यांच्या शाळेच्या परीक्षा. हे काम चिकाटीचे आहे आणि त्याची बातमी क्वचितच होते.

२०१५ मध्ये बल्गेरियातील १७ वर्षांखालील युरो स्पर्धेत व्ह्यूक यांचा संघ अंतिम फेरीत पोहोचला, पण बुर्गासमध्ये फ्रान्सने ४-१ असा विजय मिळवला; ओदसोन एदुआर्दने त्या सामन्यात तीन गोल केले. त्याच वर्षी चिलीतील विश्वचषकात क्रोएशियाने जर्मनीला बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर थांबवले. २०१७ च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीत स्पेनकडून पेनल्टींवर हार झाली. भारतात येण्यापूर्वीचा हिशेब असा होता : शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचणारा, पण चषक न उचललेला प्रशिक्षक.

आता फातोर्डा. भारताकडे पहिल्यांदाच फिफाच्या स्पर्धेचे यजमानपद आले होते आणि गोव्याच्या वाट्याला क गट आला होता. जर्मनी, इराण, कोस्टा रिका आणि गिनी. आमच्या फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून मडगावला सामने पाहायला जाणाऱ्यांची वर्दळ काही नवी नाही. डेम्पो, साळगावकर, चर्चिल या गोव्याच्या क्लबांच्या लढती पाहतच आमची पिढी वाढली. तरीही त्या आठवड्यात वातावरण निराळे होते. शाळेच्या गणवेशातील मुले, सासष्टीच्या गावागावांतून आलेले जुने खेळाडू, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी संतोष चषकासाठी खेळलेल्यांची नावे घेत बसलेले बुजुर्ग, असे सगळे एकाच गॅलरीत होते. ७ ऑक्टोबरला जर्मनीने कोस्टा रिकाला २-१ असे हरवले. यान-फिएटे आर्प या हॅम्बुर्गच्या आघाडीपटूने २१ व्या मिनिटाला पहिला गोल केला, कोस्टा रिकाने उत्तरार्धात बरोबरी साधली आणि अगदी अखेरीस ८९ व्या मिनिटाला बदली आलेल्या नोआ आवुकूने सामना सोडवला. जर्मनी जिंकली खरी, पण बचावफळीच्या मागे मोकळी राहणारी जागा जाणत्यांच्या नजरेतून सुटली नव्हती.

१० ऑक्टोबरच्या रात्री इराणने त्याच जागेचा फायदा घेतला. अब्बास चमानियान यांचा संघ शिस्तीने आपल्या अर्ध्या भागात उभा राही, चेंडू मिळताच दोन-तीन पासांत जर्मन बचावपटूंच्या पाठीमागे पोहोचे. सहाव्या मिनिटाला युनेस देल्फीने गोल केला, मध्यंतरापूर्वी त्यानेच दुसरा केला, उत्तरार्ध सुरू होताच अल्लाहयार सय्यदमनेशने तिसरा आणि ७५ व्या मिनिटाला वाहिद नामदारीने चौथा. चेंडूवर ताबा बराचसा जर्मनीचा होता, पण त्या ताब्याला टोक नव्हते. मी बसलो होतो त्या बाजूचे प्रेक्षक सुरुवातीला जर्मनीचे नाव ऐकून आलेले होते, आणि तासाभरात ते मनापासून इराणसाठी टाळ्या वाजवू लागले होते. यात जर्मनीविषयी राग नव्हता. चांगला खेळ ज्याचा, त्याला दाद द्यायची, ही गोव्याच्या मैदानांवरची जुनी रीत आहे.

त्या रात्री परतताना आमच्या गाडीत बोलणे झाले ते जर्मन प्रशिक्षकाविषयी. बहुतेकांचे म्हणणे असे की, एवढ्या मोठ्या देशाचा संघ चार गोल खाऊन घरी गेला तर या माणसाची नोकरी काही राहत नाही. आपल्याकडचा अनुभव तसाच होता, त्यामुळे त्या म्हणण्याला आधारही होता. घडले ते वेगळेच. तीन दिवसांनी कोचीत जर्मनीने गिनीला ३-१ असे हरवून गटात दुसरे स्थान घेतले. १६ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ४-० असा विजय मिळाला. आर्पचे दोन, यान बिसेक आणि जॉन येबोआ यांचा एकेक गोल. जो संघ सहा दिवसांपूर्वी फातोर्ड्यात विस्कळीत दिसला होता, तोच आता जागा राखून, घाई न करता खेळत होता. पराभवानंतर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पुन्हा उभे करणे ही कनिष्ठ प्रशिक्षकाची खरी परीक्षा, असे मी मानतो, आणि व्ह्यूक त्या परीक्षेत उतरले. २२ ऑक्टोबरला कोलकात्यात साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर उपांत्यपूर्व सामन्यात आर्पने पेनल्टीवर आघाडी मिळवून दिली होती, पण शेवटच्या वीस मिनिटांत वेव्हर्सन आणि पावलिन्यो यांच्या गोलांनी ब्राझीलने सामना २-१ असा फिरवला. जर्मनीची स्पर्धा तेथे संपली.

त्या संघातील मुलांचे पुढे काय झाले, हे पाहिले म्हणजे या कामाचे स्वरूप अधिक कळते. आर्प मायदेशी परतला आणि कोलकात्यातील सामन्यानंतर आठवडाभरातच, २८ ऑक्टोबरला, हॅम्बुर्गसाठी बर्लिनच्या हेर्थाविरुद्ध गोल करून बुंडेसलिगात गोल करणारा २००० साली जन्मलेला पहिला खेळाडू ठरला. सगळ्या जर्मनीने त्याच्यात उद्याचा मोठा आघाडीपटू पाहिला. तो बायर्न म्युनिकलाही गेला, पण तेथे त्याला जागा मिळाली नाही आणि पुढे कीलमध्ये दुसऱ्या श्रेणीत त्याने आपली लय शोधली. उलट फातोर्ड्यात चार गोल खाल्लेल्या बचावफळीतील बिसेक अनेक देशांतील छोट्या-मोठ्या क्लबांतून फिरत इंटर मिलानमध्ये पोहोचला. निकोलास कून सेल्टिकमध्ये नावारूपाला आला आणि येबोआ एक्वाडोरच्या राष्ट्रीय संघातून खेळू लागला. सतराव्या वर्षी जो सर्वांच्या पुढे असतो तोच पंचविसाव्या वर्षी पुढे असेल, याची खात्री जगातील कोणताही प्रशिक्षक देऊ शकत नाही. त्यामुळे कनिष्ठ गटाच्या प्रशिक्षकाचे मोजमाप एका स्पर्धेवरून करणे मुळातच चुकीचे आहे, आणि जर्मन महासंघाने ते केले नाही. व्ह्यूक आपल्या पदावर राहिले. फातोर्ड्यानंतर त्यांच्या हाताखालून मुलांच्या नव्या तुकड्या गेल्या, करोनाच्या काळात स्पर्धाच रद्द झाल्याने काही मुलांना विश्वचषक पाहायलाही मिळाला नाही, तरी काम थांबले नाही.

याच ठिकाणी मला आपल्याकडची एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. २०१७ च्या विश्वचषकासाठी भारताचा जो संघ तयार होत होता, त्याचेही प्रशिक्षक आरंभी एक जर्मनच होते, निकोलाय आदम. त्या मुलांचा सराव मुख्यतः गोव्यात चालायचा. परंतु खेळाडूंच्या तक्रारींनंतर २०१७ च्या सुरुवातीला, म्हणजे स्पर्धेला वर्षही उरले नसताना, ते पद सोडून गेले आणि पोर्तुगालचे लुईश नोर्तोन दे मातोश यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. तक्रारी गंभीर असतील तर बदल करणे भागच असते, त्याविषयी मला काही म्हणायचे नाही. मुद्दा एवढाच की, मुलांच्या एका पिढीला ज्या सलगतेची गरज होती ती त्यांना मिळाली नाही. मातोश यांनी थोड्या काळात त्या मुलांकडून कोलंबियाविरुद्ध चांगली झुंज करून घेतली, जॅक्सन सिंगने भारताचा विश्वचषकातील पहिला गोलही केला, पण स्पर्धा संपल्यावर पुढची तुकडी कोणाच्या हाती आणि कोणत्या योजनेने घडणार, या प्रश्नाचे उत्तर जर्मनीकडे तयार होते तसे आपल्याकडे नव्हते.

गोव्याकडे प्रशिक्षकांची वानवा कधीच नव्हती. आर्मांद कुलासो यांनी डेम्पोला पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. साळगावकरच्या मधल्या फळीतून पुढे आलेले सावियो मदेरा यांनी २०११ मध्ये भारताला सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई स्पर्धेचे, विजेतेपद मिळवून दिले. क्लिफर्ड मिरांडा हा डेम्पोच्या मधल्या फळीचा कणा, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ओडिशा एफसी या क्लबचा हंगामी प्रशिक्षक म्हणून त्याने सुपर कप जिंकून दाखवला. त्यानंतरच्या हंगामासाठी ओडिशाने सर्जिओ लोबेरा यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. लोबेरा मोठे प्रशिक्षक आहेत, आणि एफसी गोवाला त्यांनी दिलेला देखणा खेळ आपण कुणीच विसरणार नाही. तरीही चषक जिंकलेल्या देशी प्रशिक्षकाला त्याच बाकावर पुढची दोन वर्षे मिळू नयेत, याची खंत मला वाटते. आलेन आणि कीलच्या नोंदींवरून व्ह्यूक यांना कुणी काम दिले नसते. त्यांना काम मिळाले, कारण प्रशिक्षक घडायलाही खेळाडूइतकाच वेळ लागतो हे मानणारी एक संस्था त्यांच्या देशात होती.

आणि २०२३ साल उजाडले. हंगेरीतील युरो स्पर्धेत व्ह्यूक यांचा संघ अंतिम फेरीत पुन्हा फ्रान्ससमोर उभा होता. २ जूनला बुडापेस्टमध्ये गोलशून्य बरोबरीनंतर जर्मनीने पेनल्टींवर ५-४ असा विजय मिळवला. बुर्गासच्या पराभवानंतर आठ वर्षांनी हा चषक आला. त्या यशाला एक डागही लागला : विजयानंतर समाजमाध्यमांवर संघातील कृष्णवर्णीय मुलांविषयी वंशद्वेषी मजकूर लिहिला गेला आणि महासंघाला त्याचा जाहीर निषेध करावा लागला. ज्या मुलांनी देशासाठी चषक आणला त्यांनाच देशात परके ठरवले जावे, हे वाचून मन विषण्ण झाले होते.

नोव्हेंबरमध्ये इंडोनेशियात विश्वचषक झाला. गटातील तिन्ही सामने जर्मनीने जिंकले, मग अमेरिकेवर ३-२ आणि स्पेनवर १-० अशी मात केली. उपांत्य सामना अर्जेंटिनाशी होता, आणि माझ्या मते तो या संघाचा सर्वांत मोठा सामना. अर्जेंटिनाच्या अगुस्तिन रुबेर्तोने एकट्याने तीन गोल केले, त्यातला तिसरा अगदी भरपाईच्या वेळेत, आणि जिंकलेला वाटणारा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. एवढा घाव बसल्यावर पेनल्टी घ्यायला जाणाऱ्या मुलांचे पाय जड होतात. गोलरक्षक कॉन्स्टान्टिन हाइडेने मात्र दोन पेनल्टी अडवल्या आणि जर्मनी अंतिम फेरीत गेली. २ डिसेंबरला सुराकार्ताच्या मानाहान स्टेडियमवर समोर पुन्हा फ्रान्स. पारिस ब्रुनरची पेनल्टी आणि कर्णधार नोआ दार्विचचा गोल यांनी जर्मनी २-० अशी पुढे गेली, लगेच फ्रान्सने एक गोल फेडला, मग विनर्स ओसावेला मैदान सोडावे लागले आणि दहा जणांनी किल्ला लढवत असताना ८५ व्या मिनिटाला फ्रान्सने बरोबरी केली. पेनल्टींवर ४-३. निर्णायक फटका अल्मुगेरा काबरचा होता. एकाच वर्षी युरोपचा आणि जगाचा १७ वर्षांखालील चषक जिंकणारा जर्मनी हा पहिला देश ठरला.

मी हा सामना पाहताना सतत फातोर्ड्याशी ताडून पाहत होतो. तेव्हा एक गोल खाताच संघाची वीण उसवली होती, येथे दोन गोलांची आघाडी वितळली, एक खेळाडू कमी झाला, तरी प्रत्येकाला आपली जागा ठाऊक होती. मुले वेगळी होती, प्रतिस्पर्धी वेगळे होते, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही हे मला समजते. पण दोन्ही संघांना शिकवणारा माणूस एकच होता, आणि मधल्या काळात तोही शिकला होता, एवढे म्हणायला हरकत नसावी.

या विजेतेपदानंतर व्ह्यूक यांना मोठ्या क्लबचे दार उघडले असते तर नवल वाटले नसते. २०२४ च्या मार्चमध्ये महासंघाने जाहीर केले ते वेगळेच : पॅरिस ऑलिंपिकनंतर महिला राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे येणार होती. २०२३ च्या विश्वचषकात हा संघ गटातच बाद झाला होता, आणि १९८० च्या युरो अंतिम सामन्यात दोन्ही गोल करणाऱ्या होर्स्ट ह्रुबेश यांनी त्याला सावरून ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवून दिले होते. व्ह्यूक यांनी सोबतीला मारेन माइनर्ट आणि सास्किया बार्टुसियाक यांना घेतले. माइनर्ट या स्वतः मधल्या फळीतल्या, २००३ च्या विश्वविजेत्या, आणि मुलींच्या कनिष्ठ संघांचा प्रदीर्घ अनुभव असलेल्या. महिला फुटबॉल आतून जाणणाऱ्या दोघींना शेजारी बसवण्याचा हा निर्णय मला त्यांच्या समजुतीचा पुरावा वाटतो.

पहिलाच सामना २५ ऑक्टोबर २०२४ रोजी वेम्बलीवर, युरोपविजेत्या इंग्लंडशी. जर्मनीने तो ४-३ असा जिंकला. लगेच पुढच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून हार झाली, आणि त्याच सामन्यात अलेक्झांड्रा पॉपने राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. जुन्या फळीतील आधार एकामागून एक जात असताना नवा संघ बांधायचा होता. २०२५ च्या स्वित्झर्लंडमधील युरो स्पर्धेत सलामीलाच कर्णधार जुलिया ग्विन गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेली, गटात स्वीडनने ४-१ असे हरवले आणि टीकेचा सूर चढला. मग १९ जुलैला बासेलमध्ये फ्रान्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना झाला. तेराव्या मिनिटाला काथ्रिन हेन्ड्रिचला लाल कार्ड मिळाले, त्याच प्रसंगातील पेनल्टीवर फ्रान्सने आघाडी घेतली, आणि उरलेला जवळजवळ सगळा सामना, जादा वेळेसह, जर्मनीच्या दहा जणी खेळल्या. श्यूके न्युस्केनने बरोबरी साधली. गोलरक्षक आन-काट्रिन बेर्गरने, जिने दोनदा कर्करोगाशी झुंज दिली आहे, जादा वेळेत मागे झेपावत एक अशक्य वाटणारा चेंडू रेषेवरून बाहेर काढला, आणि पेनल्टींमध्ये दोन फटके अडवून एक स्वतः मारला. जर्मनीने तो सामना पेनल्टींवर ६-५ असा जिंकला. सुराकार्तातही दहा जण आणि फ्रान्सच समोर होता.

उपांत्य फेरीत झुरिचमध्ये स्पेनच्या ऐताना बोनमातीने ११३ व्या मिनिटाला गोल केला आणि जर्मनीची वाट अडली. २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नेशन्स लीगच्या अंतिम फेरीतही स्पेनच आडवा आला : कायझर्सलाउटर्नमध्ये गोलशून्य बरोबरी आणि माद्रिदमध्ये ०-३. पहिल्या सामन्यात जर्मनीने स्पेनला बराच वेळ मागे रेटले होते, पण गोल झाला नाही, आणि दुसऱ्या सामन्यात उत्तरार्धात स्पेनच्या वेगापुढे मधली फळी थकली. चेंडू जिंकल्यानंतरचे पहिले दोन पास घाईत जातात, हा दोष मला या संघात सातत्याने दिसतो. कनिष्ठ गटात व्ह्यूक यांच्याकडून दर दोन वर्षांनी मुले निघून जात आणि नव्याने आरंभ करावा लागे. येथे त्याच खेळाडू वर्षानुवर्षे त्यांच्यासोबत राहणार आहेत, त्यामुळे हा दोष दूर करायला त्यांना प्रथमच पुरेसा सलग काळ मिळेल. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे. जर्मनी तेथे पोहोचली तर क्लारा ब्युल आणि युले ब्रांड या दोघी बगलांवरून चेंडू घेऊन आत वळतात तेव्हा मधल्या फळीतून त्यांच्या मदतीला कोण आणि किती लवकर धावते, यावर माझे लक्ष असेल.